फोर्डची मोटार आणि फोर्डचे मत

दुकानदाराने गिऱ्हाइकाशी राजकारण बोलू नये, हा आपल्या पेठांतला जुना संकेत आहे. भाव बोलावा, पाऊसपाण्याचे बोलावे, फार तर लग्नसराईचे बोलावे. पण सरकार, धर्म आणि जात हे विषय गल्ल्यापासून दूर ठेवावेत, असे शहाणे व्यापारी मानीत आले. मालकाचे मत पटले नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढेल, ही या संकेतामागची भीती. ती कितपत खरी आहे हे तपासून पाहायचे, तर अमेरिकन मोटार-कारखानदार हेन्री फोर्ड याच्या चरित्रासारखे बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. त्याच्याइतकी गिऱ्हाइकी त्याच्या काळात क्वचितच कोणाला लाभली असेल. आणि आपल्या जिभेला लगाम घालणे त्याला जन्मभर जमले नाही. त्याच्या मतांमुळे त्याच्या मालाचे किती नुकसान झाले, हा प्रश्न सर्वच चरित्रकार विचारतात. त्याच्या मालामुळे त्या मतांना किती बळ मिळाले, हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना अधिक.

फोर्डचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहरालगतच्या डिअरबॉर्न परिसरात, एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील आयर्लंडहून आलेले. मुलाचे मन नांगरात रमले नाही. घड्याळे उकलावीत आणि पुन्हा जुळवावीत, हा त्याचा छंद. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटच्या एका यंत्रशाळेत उमेदवारीला लागला. १८९१ साली तो एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत नोकरीस राहिला, आणि नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री खपून बनविलेली आपली पहिली चारचाकी गाडी त्याने जून १८९६ मध्ये रस्त्यावर आणली. त्याची पहिली कंपनी बुडाली. दुसरीतून भागीदारांशी न पटल्यामुळे तो बाहेर पडला. तिसरी कंपनी १६ जून १९०३ रोजी स्थापन झाली, तिचे रोख भांडवल अवघे २८ हजार डॉलर होते. हीच फोर्ड मोटर कंपनी.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९०८ च्या ऑक्टोबरात ‘मॉडेल टी’ ही गाडी बाजारात आली. तिची सुरुवातीची किंमत ८५० डॉलर होती. मोटार ही तोपर्यंत श्रीमंतांची चैन होती. फोर्डने ती शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन उभी केली. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि ज्या सांगाड्याला साडेबारा तास लागत, तो सुमारे दीड तासात तयार होऊ लागला. किंमत दरवर्षी उतरत गेली. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने आपल्या कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. प्रचलित मजुरीच्या ही रक्कम जवळजवळ दुप्पट होती, आणि कामाचे तासही नवावरून आठावर आणले होते. अर्थात या औदार्याला अटी होत्या. कामगार दारू पितो काय, घर टापटिपीचे ठेवतो काय, हे पाहण्यासाठी कंपनीचे निरीक्षक त्याच्या दारात जात. मालकाची मते कामगाराच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती, ती अशी.

त्याच वर्षी फोर्डने गिऱ्हाइकांपुढेही एक विलक्षण घोषणा केली. येत्या वर्षभरात तीन लाखांवर गाड्या खपल्या, तर प्रत्येक खरेदीदाराला नफ्याचा वाटा परत देऊ. गाड्या खपल्या, आणि कंपनीने खरोखरच माणशी ५० डॉलरांचे धनादेश पाठविले. एकंदर रक्कम दीड कोटी डॉलरांच्या वर गेली. गिऱ्हाइकाला वचन देणारे कारखानदार पुष्कळ होते. पैसे परत करणारा लोकांनी प्रथमच पाहिला. पुढील दहा वर्षांत फोर्डला जे जे माफ झाले, त्याचा उगम या धनादेशात आहे, असे मला वाटते.

१९१५ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलेले होते आणि अमेरिकेने शस्त्रसज्ज व्हावे की नाही यावर देशात खडाजंगी चालली होती. फोर्ड युद्धाचा कट्टर विरोधक. सावकार आणि शस्त्रांचे कारखानदार युद्धे पेटवितात, असे तो उघडपणे सांगू लागला. कंपनीचा व्यवहार पाहणारा जेम्स कझन्स हा तिचा दुसरा खांब होता. हिशेब, विक्रेते, वसुली हे सारे त्याच्या हाती. ‘फोर्ड टाइम्स’ हे कंपनीचे नियतकालिक विक्रेत्यांकडे आणि मोटारमालकांकडे जात असे. शस्त्रसज्जतेविरुद्धचा फोर्डचा मजकूर त्यात जाणार हे कळताच कझन्सने तो रोखला. फोर्ड हटेना. ऑक्टोबर १९१५ मध्ये कझन्सने राजीनामा टाकला. पुढे तो डेट्रॉइटचा महापौर आणि नंतर सेनेटर झाला. म्हणजे राजकारण त्याला वर्ज्य नव्हते. वर्ज्य होते ते कंपनीच्या पाकिटातून गिऱ्हाइकाच्या घरी राजकारण पाठविणे. हा भेद बारीक आहे, पण पुढच्या सगळ्या हकिकतीची किल्ली त्यातच आहे.

४ डिसेंबर १९१५ रोजी ‘ऑस्कर दुसरा’ हे जहाज भाड्याने घेऊन फोर्ड शांततेच्या मोहिमेवर युरोपला निघाला. बरोबर शांततावादी, धर्मोपदेशक, विद्यार्थी आणि पत्रकारांचा एक तांडा. नाताळच्या सुमारास सैनिकांना खंदकांतून घरी आणण्याची भाषा होती. जहाजावरच शांततावाद्यांची आपापसांत भांडणे जुंपली, आणि बरोबरच्या पत्रकारांनी त्यांची रसभरित वर्णने धाडली. नॉर्वेला पोहोचेपर्यंत फोर्ड आजारी पडला आणि मोहीम तिथेच सोडून गुपचूप परतला. वृत्तपत्रांनी त्याचे इतके हसे केले की दुसरा एखादा व्यापारी तोंड लपवून बसला असता. पण विक्रीचे आकडे पाहिले तर काय दिसते? १९१५ च्या हिशेबी वर्षात तीन लाखांच्या वर गाड्या तयार झाल्या होत्या. १९१६ मध्ये हा आकडा पाच लाखांवर गेला, आणि पुढच्या वर्षी सात लाखांच्याही पुढे. लोक हसत होते आणि गाडी घेत होते. शहरी संपादकाला जो भाबडेपणा वाटला, तो खेड्यातल्या शेतकऱ्याला भलेपणा वाटला. शिवाय गाडी स्वस्त होती, हे सांगायला नकोच.

१९१६ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने अग्रलेखात फोर्डला अराजकवादी ठरविले. फोर्डने दहा लाख डॉलरांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या उन्हाळ्यात माउंट क्लेमेन्स या लहानशा गावी तो चालला. प्रतिपक्षाच्या वकिलांनी फोर्डला साक्षीला उभे करून त्याची जणू शाळेतली परीक्षाच घेतली. अमेरिकेची क्रांती केव्हा झाली, हेही त्याला धड सांगता आले नाही. ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण नुकसानभरपाई ठरविली सहा सेंट. शिकलेल्यांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. खेड्यापाड्यांतून मात्र फोर्डकडे सहानुभूतीच्या पत्रांचा पूर आला. इतिहासाची सनावळी आपल्यालाही पाठ नाही, आणि भर कोर्टात श्रीमंत वकिलांनी आपल्यासारख्याच एका माणसाला छळले, असे त्या लोकांना वाटले. आधीच्याच वर्षी सेनेटच्या निवडणुकीत तो थोड्या मतांनी पडला होता. मतपेटीने त्याला नाकारले, तरी दुकानाने नाकारले नाही. मतदार आणि गिऱ्हाईक हे एकाच माणसाच्या अंगात राहणारे दोन वेगळे गृहस्थ आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इथपर्यंतची फोर्डची मते भाबडी असतील, हास्यास्पद असतील. त्यांनी कोणाच्या घरावर दगड पडला नव्हता. १९१९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. भागीदारांशी कोर्टकचेरी झाल्यानंतर फोर्डने सुमारे साडेदहा कोटी डॉलर मोजून सर्वांचे भाग विकत घेतले. कंपनी संपूर्णपणे फोर्ड कुटुंबाची झाली. कझन्सही आपले भाग विकून गेला. आता मालकाला आवरणारा कोणी उरला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, आदल्या वर्षी विकत घेतलेले ‘डिअरबॉर्न इंडिपेन्डन्ट’ हे गावठी साप्ताहिक जानेवारी १९१९ पासून फोर्डच्या मालकीने निघू लागले.

२२ मे १९२० च्या अंकापासून या साप्ताहिकाने ज्यू लोकांविरुद्ध लेखमाला सुरू केली आणि ती सलग ९१ अंक चालविली. जगातील युद्धे, बँका, नाटके, सिनेमे, जाझ संगीत, फार काय बेसबॉलच्या खेळातील लबाडीसुद्धा एका ज्यू कारस्थानाचा भाग आहे, असे तिचे सूत्र होते. आधारासाठी घेतले होते ‘प्रोटोकॉल्स’ नावाचे बनावट दस्तऐवज. ते बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने ऑगस्ट १९२१ मध्ये पुराव्यानिशी सिद्ध केले, तरी फोर्डच्या पत्राला त्याचे काही वाटले नाही. या लेखांच्या पुस्तिका ‘द इंटरनॅशनल ज्यू’ या नावाने निघाल्या आणि भाषांतरे होऊन युरोपात पोहोचल्या.

साप्ताहिक जाहिराती घेत नसे. वर्गणी नाममात्र. तेव्हा ते तोट्यात चालणार हे उघड होते, आणि ती तूट भरून निघत होती मोटारींच्या नफ्यातून. म्हणजे मिशिगनचा शेतकरी असो की ओहायोचा पोस्टमन, गाडी घेताना तो नकळत या लेखमालेचा खर्चही थोडा थोडा उचलीत होता. त्यातील बहुतेकांनी तो अंक उघडूनही पाहिला नसेल. पण तो अंक त्यांच्या समोर येईल अशी व्यवस्था मालकाने केली होती. प्रत्येक विक्रेत्याला वर्गणीदार मिळविण्याचा कोटा ठरवून दिला होता. कित्येक विक्रेत्यांनी भांडण नको म्हणून पदरच्या पैशाने वर्गण्या भरल्या. कोणी गाडीच्या किमतीतच ती मिळवून टाकली. १९२५-२६ च्या सुमारास खपाचा आकडा लाखांच्या घरात दाखविला जात होता, त्यात खरे वाचक किती आणि कोट्याचे बळी किती, हे सांगणे कठीण. जी गोष्ट कझन्सने दारात अडविली होती, ती आता गल्ल्यावरच येऊन बसली.

ज्यूंची प्रतिक्रिया कशी झाली? डेट्रॉइटमधील रब्बी लिओ फ्रँकलिन हे फोर्डचे एकेकाळचे शेजारी आणि स्नेही. फोर्ड त्यांना दरवर्षी एक नवी गाडी भेट देत असे. १९२० च्या जूनमध्ये फ्रँकलिन यांनी ती परत पाठविली, आणि सोबत पत्र लिहून कारणही कळविले. काही दिवसांनी फोर्डने दूरध्वनी करून, आपल्या दोघांत काही बिनसले आहे काय, अशी चौकशी केली. हे नाटक नव्हते. आपण ज्यूंविरुद्ध लिहवून घेतो, त्याचा आपल्या ज्यू मित्राला राग का यावा, हे त्याला खरोखरीच उमगत नव्हते. सज्जन ज्यूंनी या मोहिमेत आपल्याला साथ द्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. मालकाच्या बोलण्यापेक्षा ही आंधळी निरागसता अधिक भयंकर वाटते.

बहिष्काराचा अधिकृत ठराव ज्यूंच्या प्रमुख संस्थांनी केला नाही. ठरावाने फोर्डच्या आरोपालाच पुष्टी मिळेल, पाहा हे संघटित होऊन धंदा बुडवितात असे तो म्हणेल, अशी त्यांची भीती होती. पण ठरावावाचून माणसे फिरली. आइन्स्टाइन आणि वाइझमन यांच्या स्वागतासाठी हार्टफर्ड शहरात निघालेल्या मोटारींच्या मिरवणुकीत एकही फोर्ड गाडी नको, असा हुकूम संयोजकांनी काढला. न्यूयॉर्क आणि पूर्वेकडील शहरांच्या विक्रेत्यांनी तक्रारी सुरू केल्या. जानेवारी १९२१ मध्ये विल्सन आणि टाफ्ट या माजी-आजी अध्यक्षांसह ११९ ख्रिस्ती मान्यवरांनी ज्यूद्वेषाचा जाहीर निषेध केला. आणि तरीही, देशभरच्या ताळेबंदावर याचा ओरखडा शोधू गेलो तर निराशा होते. १९२१ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक फोर्डच्या होत्या. १९२३ मध्ये वर्षाला अठरा ते वीस लाख गाड्या निघत होत्या. पुढच्या काही वर्षांत किंमत तीनशे डॉलरांखाली आली. त्या किमतीत त्या तोडीची दुसरी गाडी बाजारातच नव्हती.

आपल्याकडे बहिष्कार या शब्दाला १९०५ पासून एक वजन आहे. पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली ती मँचेस्टरच्या अमुक गिरणीमालकाने काही म्हटले म्हणून नव्हे. एका राजवटीविरुद्ध होती. तिच्यामागे पुढारी होते, सभा होत्या, आणि पर्याय म्हणून हातमागाचे व देशी गिरण्यांचे कापड होते. फोर्डविरुद्ध यांपैकी काहीच नव्हते. एकेकट्या माणसाने आपापल्या उंबऱ्यावर घेतलेला निर्णय होता तो. ज्याला शिवी बसली त्यालाच तिची किंमतही मोजावी लागली. महागडी गाडी घेऊन किंवा गाडीविना राहून. ज्यांना शिवी बसली नव्हती, त्यांनी बहुधा खांदे उडविले आणि चावी फिरविली.

मग बाजार पालटला. जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेने रंग आणले, बंद बांधणीची आरामशीर गाडी आणली. हप्त्याने खरेदीची सोय त्या कंपनीने आधीच केलेली होती. फोर्ड मात्र आपल्या एकाच काळ्या गाडीला कवटाळून बसला. १९२६ पर्यंत मॉडेल टीचा खप घसरू लागला. त्याच सुमारास ‘इंडिपेन्डन्ट’ शेतकऱ्यांच्या सहकारी संघांवर घसरले होते. शेतमालाची सहकारी विक्री उभी करणारे वकील अॅरन सपिरो यांच्यावर, ते ज्यू आहेत म्हणून, त्या पत्राने गरळ ओकली. एवढेच नव्हे तर सहकार हाच ज्यूंचा डाव असल्याचे ठरविले. सपिरो यांनी दहा लाख डॉलरांचा दावा लावला. मार्च १९२७ मध्ये डेट्रॉइटला सुनावणी सुरू झाली. अंकात काय छापून येते हे मालकाला ठाऊकच नसे, अशी साक्ष संपादक विल्यम कॅमेरॉनने दिली. एका अपघातात जखमी झाल्याने फोर्ड स्वतः साक्षीला उभा राहिला नाही. खटला तांत्रिक कारणाने रद्द झाला.

आता तारखा पाहाव्यात. मे १९२७ च्या अखेरीस दीड कोटी गाड्यांनंतर मॉडेल टी बंद झाली. कारखाना नव्या गाडीच्या तयारीसाठी थांबला. ८ जुलैच्या वृत्तपत्रांत फोर्डचा माफीनामा झळकला. आपल्या पत्रातून ज्यूंवर झालेल्या अन्यायाबद्दल त्यात संपूर्ण दिलगिरी होती. मजकूर लिहिला होता अमेरिकन ज्यू समितीचे अध्यक्ष लुई मार्शल यांनी. फोर्डने तो वाचलाही नाही, आणि खाली केलेली सही त्याच्या एका हस्तकाने गिरविलेली होती, असे पुढे उघड झाले. डिसेंबरच्या २ तारखेला ‘मॉडेल ए’ बाजारात आली आणि लाखो लोक ती पाहायला लोटले. ३१ डिसेंबरला ‘इंडिपेन्डन्ट’ बंद पडले. सात वर्षे ज्याची लाज वाटली नाही, त्याबद्दल पश्चात्ताप झाला तो विकायला गाडी नसलेल्या सहा महिन्यांत! केवळ गल्ल्याच्या भीतीने माफी मागितली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोर्टाची आणि साक्षीच्या पिंजऱ्याची भीतीही होतीच. पण गिऱ्हाइकाला पर्याय मिळाला नसता, तर विक्रेत्यांच्या तक्रारी डिअरबॉर्नच्या कानी इतक्या स्पष्ट ऐकू आल्या असत्या काय? मला शंका आहे.

फोर्डने १९२६ साली मुंबईत आपली भारतीय कंपनी काढली होती. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या फोर्ड गाड्यांच्या मालकांना डिअरबॉर्नच्या साप्ताहिकाची वार्ता असण्याचे कारण नव्हते. मत आणि माल यांच्यात समुद्र असला की गिऱ्हाइकाची झोप मोडत नाही.

माफीनंतर फोर्ड गप्प बसला असे नाही. १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उद्योग-पुनरुज्जीवन योजनेत सामील व्हायला त्याने साफ नकार दिला. योजनेत आलेल्या दुकानांवर निळ्या गरुडाचे चिन्ह झळकत असे, आणि ते चिन्ह पाहूनच खरेदी करा, असे सरकार जनतेला सांगत होते. म्हणजे इथे खुद्द सरकारच बहिष्काराला उभे होते. पण फोर्डचा खप त्याने कोसळला नाही; १९३४ मध्ये, बाजार सुधारला तसा, तोही वाढला. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द केली. १९३४ ते १९४२ या काळात रविवारी संध्याकाळी फोर्डतर्फे आकाशवाणीवर उत्तम संगीताचा कार्यक्रम होई आणि मध्यंतरात कॅमेरॉन, होय तोच संपादक, उद्योग, कष्ट आणि सरकारी हस्तक्षेप यांवर मधुर भाषण करी. गाडीची जाहिरात त्यात नसे. मतांना वाद्यवृंदाची साथ दिली की ती किती सुसह्य होतात!

३० जुलै १९३८ रोजी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, फोर्डने हिटलर सरकारचे जर्मन गरुडाचे महापदक जर्मन वकिलाच्या हातून स्वीकारले. परकीयांना मिळणारा तो सर्वोच्च बहुमान होता. या वेळी काळ बदललेला होता. जर्मनीत काय चालले आहे हे रोज वृत्तपत्रांत येत होते. ज्यू माजी सैनिकांची संघटना, सिनेनट, कामगारवर्ग यांनी निषेध केला, पदक परत करण्याची मागणी झाली, बहिष्काराने पुन्हा डोके वर काढले. फोर्डने पदक परत केले नाही. नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकाने व सभास्थाने जाळण्यात आली, तेव्हा रब्बी फ्रँकलिन यांनीच पुन्हा त्याची भेट घेऊन ज्यू निर्वासितांना आश्रय देण्याच्या बाजूचे निवेदन मिळविले. ज्याने गाडी परत केली त्यानेच अठरा वर्षांनी हात पुढे करावा, हे फ्रँकलिन यांचे मोठेपण. मौज अशी की फोर्डवर रुष्ट होऊन जे शेव्हरोलेच्या दुकानात गेले, त्यांच्याही पदरी फारसे पुण्य पडले नाही. जनरल मोटर्सचा परदेशी व्यवहार पाहणारा जेम्स मूनी यालाही त्याच वर्षी जर्मन गरुडाचे पदक मिळाले होते, आणि जर्मनीतील ओपेल कारखाना जनरल मोटर्सच्याच मालकीचा होता. फरक एवढाच की मूनीचे नाव गाडीवर नव्हते.

नावाचा हा मुद्दा किरकोळ नाही. शेकडो भागधारकांच्या कंपनीचे मत कोणाचे, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. फोर्डचे आडनाव गाडीच्या कपाळावर होते, म्हणून राग धरायला जागा होती.

याच माणसाने जुलै १९४१ मध्ये महात्मा गांधींना आदरपूर्वक पत्र पाठवून त्यांच्या कार्याचा गौरव केला. युद्धविरोधाच्या एका धाग्याने डिअरबॉर्न आणि सेवाग्राम क्षणभर जोडले गेले. गांधीजींनी त्याला स्वाक्षरी केलेला चरखा धाडला. फिरत्या पट्ट्याचा जनक आणि चरखा! जानेवारी १९४२ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर, ज्यूद्वेषाचा इन्कार करणारे आणखी एक पत्र फोर्डच्या सहीने प्रसिद्ध झाले. १९४३ साली एकुलता एक मुलगा एड्सेल वारला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री डिअरबॉर्नच्या घरी फोर्डचा मृत्यू झाला. नदीला पूर येऊन वीज गेलेली होती, आणि घरात दिवे-मेणबत्त्यांचा उजेड होता.

तत्पूर्वी वर्षभर आधी, न्यूरेंबर्गच्या खटल्यात हिटलरच्या युवक-संघटनेचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख याने, आपण तरुणपणी ज्यूद्वेष्टे बनलो ते फोर्डचे पुस्तक वाचून, असे न्यायालयात सांगितले होते. हिटलरच्या म्युनिकमधील कचेरीत फोर्डची तसबीर असल्याची बातमी तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२२ सालीच छापली होती. विक्रीचे आकडे, बाजारातील वाटा, विक्रेत्यांच्या तक्रारी यांची उजळणी करणारे अभ्यासक फोर्डचे नुकसान मोजतात, आणि ते फार नव्हते असे सांगतात. आकडे म्हणून ते बरोबर आहेत. पण स्वस्त गाडीच्या लौकिकाने त्या पुस्तिकांना जे वजन आले, ते कोणत्या वहीत मांडायचे? ज्याने सामान्य माणसाला मोटार दिली आणि मजुराला पाच डॉलर दिले, तो खोटे कशाला सांगेल, असे वाटणारे वाचक जर्मनीतही होते.

कंपनीची सूत्रे १९४५ मध्ये नातवाकडे, दुसऱ्या हेन्री फोर्डकडे, आली. आजोबांची सावली पुसण्यासाठी त्याने ज्यू संस्थांशी संबंध जोडले, देणग्या दिल्या, आणि पुढे इस्रायलमध्ये फोर्ड गाड्यांच्या जुळणीला परवानगी दिली. नोव्हेंबर १९६६ मध्ये अरब राष्ट्रांच्या बहिष्कार-मंडळाने फोर्डचे नाव काळ्या यादीत घातले. त्याच वेळी कोकाकोलाचेही गेले. अरब बाजारपेठ फोर्डला अनेक वर्षे बंद राहिली, आणि तोटा सोसूनही नातवाने इस्रायलमधील व्यवहार मोडला नाही. तेव्हा आजोबांच्या मृत्यूला एकोणीस वर्षे लोटली होती. मॉडेल टी पदार्थसंग्रहालयात जाऊन बसली होती. ‘द इंटरनॅशनल ज्यू’च्या आवृत्त्या मात्र कुठे ना कुठे निघतच होत्या.